लक्ष्मीबाई टिळक : एक स्त्री, एक कुटुंब आणि एक ग्रंथ

थोरांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे आपली दृष्टी सहसा राजसभेकडे, रणांगणाकडे किंवा व्याख्यानपीठाकडे वळते. चुलीपाशी बसून भाकरी थापणाऱ्या, मुलांचे आजार काढणाऱ्या आणि आल्यागेल्याचे करणाऱ्या बाईचेही चरित्र अभ्यासण्याजोगे असू शकेल, हे आपल्या मनात सहसा येत नाही. म्हणून या पाठासाठी आम्ही मुद्दाम अशाच एका बाईचे जीवन निवडले आहे. तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. तिला जोडाक्षरे लिहिताना शेवटपर्यंत कष्ट पडत. असे असूनही तिच्या हातून मराठी भाषेतील एक अजरामर आत्मचरित्र लिहिले गेले. ही बाई म्हणजे श्रीमती लक्ष्मीबाई टिळक होत.

लक्ष्मीबाई आपल्याच जिल्ह्याच्या. त्यांचे माहेर नाशिकजवळ गोदावरीच्या काठी वसलेले जलालपूर. त्यांच्या संसाराचा मोठा भाग मात्र राहुरी व अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गेला. आज नाशिकहून सिन्नरमार्गे शिर्डी व राहुरीवरून नगरला जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या एका टोकास त्यांचे माहेर आणि दुसऱ्या टोकास त्यांचे नवे घर, असे म्हणता येईल. त्या काळी आगगाडीने जाणारे मनमाडवरून जात. परंतु नकाशावर बोट ठेवून पाहिले तर आपले सिन्नर या दोन घरांना जोडणाऱ्या वाटेवरच आढळते. यास्तव सिन्नरच्या मुलामुलींना हे चरित्र परके वाटण्याचे काहीच कारण नाही.

या चरित्राकडे पाहताना एक प्रश्न आपण डोळ्यांपुढे ठेवू. एका घरात सर्वजण एकाच रीतीने देवाची उपासना करीत असता, त्यांपैकी एकाच्या अंतःकरणात निराळा प्रकाश पडला, तर इतरांनी काय करावे? त्याला टाकावे, की आपली खात्री पटलेली नसतानाही त्याच्या मागून जावे? लक्ष्मीबाईंनी या दोहोंपैकी एकही गोष्ट केली नाही. त्यांनी काय केले, हेच या पाठात पाहावयाचे आहे.

जन्म आणि माहेर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली जलालपूर येथे गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव मनकर्णिका. घरात सर्वजण त्यांना मनू म्हणत. ते घर ब्राह्मणाचे, आणि त्यातही सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत विलक्षण कडक होते. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके टोकाला गेले होते की बाहेरून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घेतले जात नसे. मीठ धुतल्यावर उरते किती, हा विचार त्या घरात कोणी करावयाचा नाही! कामाचा हा सारा भार अर्थातच बायकांवर व मुलींवर पडे.

लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या आठवणींत हे दिवस वर्णिले, तेव्हा वाचक पोट धरून हसला. परंतु त्या हसण्याखाली एका लहान मुलीच्या जिवाची झालेली घुसमटही त्याला जाणवली. स्पर्शाने माणूस बाटतो ही समजूत त्यांच्या मनावर लहानपणापासून कोरली गेली होती. पुढे त्यांच्या आयुष्यात जे मोठे परिवर्तन झाले, त्याचे मोल समजावयाचे असेल तर हे धुतलेले मीठ आपण लक्षात ठेविले पाहिजे.

विवाह व विद्यारंभ

१८८० साली मनूचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला व ती लक्ष्मी झाली. वधूचे वय अकरा-बारा वर्षांचे. त्या काळी अशी लग्ने सर्वत्र होत; आज कायद्यानेही ती निषिद्ध आहेत आणि समाजाच्या विवेकालाही ती मानवत नाहीत.

नारायणराव मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. लहानपणीच मातृवियोग झाल्यावर ते घर सोडून विद्येच्या ओढीने नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाच्या आश्रयाने त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बुद्धी तल्लख, कवित्व उपजत, अंतःकरण अत्यंत दयाळू. परंतु संसाराच्या दृष्टीने पाहता हा मनुष्य केवळ वारा होता. आज एका गावी नोकरी, तर उद्या ती सोडून दुसऱ्या गावी. घरातून बाहेर पडले म्हणजे कधी परततील याचा नेम नसे. हाती पैसा आला की तो पहिल्या भेटलेल्या गरजवंताच्या हाती जाई. अशा पतीचा संसार लक्ष्मीबाईंनी कधी माहेरी, कधी नातलगांकडे, कधी नागपुराकडे, असा जागोजाग हिंडत केला.

मात्र याच पतीने त्यांना अक्षरओळख करून दिली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. मिशनरी बायांनी मुंबई व अहमदनगर येथे मुलींना शिकविण्यास आरंभ केला तो त्याच्याही पूर्वी. तथापि जलालपूरसारख्या खेड्यातील ब्राह्मण मुलीपर्यंत ती गंगा पोहोचली नव्हती. टिळकांना आपल्या पत्नीने शिकावे असे मनापासून वाटे, पण शिकविण्यास लागणारा धीर त्यांच्यापाशी नव्हता. शिष्या अडखळली की गुरू संतापे, आणि गुरू संतापला की शिष्या अधिकच अडखळे. शिक्षकांनी व वडील मंडळींनी हा प्रकार मनावर घ्यावा. अखेर लक्ष्मीबाई वाचावयास शिकल्या त्या अडखळत, पण आपल्या गतीने. आणि जे आपल्या गतीने येते ते टिकते.

दुभंगलेले घर

टिळकांच्या मनात धर्माविषयी अनेक वर्षे खळबळ चालली होती. जातिभेदाने समाजाचे तुकडे पाडले आहेत आणि त्यामुळे देशाची उन्नती खुंटली आहे, असे त्यांस वाटे. अशा मनःस्थितीत आगगाडीच्या एका प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. ते पुस्तक वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच खिळून राहिले. शत्रूवरही प्रीती करावी, हा उपदेश त्यांच्या अंतःकरणाला भिडला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता नाशिकला पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या व पदरी लहानगा दत्तू होता. आजच्या वाचकाला त्या आघाताची कल्पना येणे कठीण आहे. त्या काळी ख्रिस्ती झालेला मनुष्य त्याच्या जातीला मेल्यासारखा होई. त्याच्याशी अन्नपाण्याचा व्यवहार राहत नसे. पत्नी त्याच्याकडे गेली तर तिचीही जात जाई, आणि न गेली तर पती जिवंत असून नसल्यासारखे तिला जगावे लागे. अशा प्रसंगासाठी सरकारने १८६६ साली एक कायदाही केला होता. धर्मांतर केलेल्या मनुष्याच्या जोडीदाराने त्याच्यासह राहण्याचे नाकारिले, तर न्यायालयाकडून तो विवाह मोडून घेण्याची वाट त्या कायद्याने मोकळी केली होती. शिवाय पतीने पत्नीस आपल्या घरी आणण्यासाठी न्यायालयात जावे, ही गोष्टही त्या काळी अपूर्व नव्हती. डॉ. रखमाबाई यांच्यावर त्यांच्या पतीने लावलेला खटला थोड्याच वर्षांपूर्वी, १८८४ ते १८८८ या काळात, साऱ्या देशात गाजला होता.

टिळकांनी या दोन्ही वाटा टाळल्या. लक्ष्मीबाईंनीही पतीशी नाते तोडिले नाही. त्या आपल्या माणसांत राहिल्या. काही काळ पंढरपुरी राहिल्या. त्यांनी आपले सोवळे, आपले देव, आपला आचार सोडिला नाही. पण पत्रे चालू राहिली, भेटी होत राहिल्या, भांडणेही होत राहिली. मनातील दुःख कोणापुढे मांडावे हे न कळून याच काळात त्या कविता करू लागल्या. छंदःशास्त्राचे एकही पुस्तक न वाचलेल्या बाईच्या मुखातून ओळीमागून ओळ बाहेर पडू लागली. दुःखाने माणूस मुका होतो असे आपण म्हणतो. लक्ष्मीबाईंना दुःखाने वाचा फुटली.

येथे नातलगांविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. त्यांनी लक्ष्मीबाईंना व दत्तूला आसरा दिला, जिवापाड जपले. टिळकांवर त्यांचा राग होता, तथापि तो राग त्या मायलेकरांवर काढण्याइतके ते निष्ठुर झाले नाहीत. लक्ष्मीबाईंनी ही गोष्ट पुढे कृतज्ञतेने नमूद केली आहे. धर्म बदलल्यावरही जुन्या घराविषयी त्यांच्या लेखणीतून विषाचा एक थेंबही उतरला नाही.

एका छपराखाली दोन चुली

चार वर्षांहून अधिक काळ असा गेल्यावर लक्ष्मीबाई मुलासह पतीकडे अहमदनगरला जावयास निघाल्या. परंतु त्या ख्रिस्ती होण्यास निघाल्या नव्हत्या. त्यांनी आपले अन्न वेगळे शिजविले, आपले पाणी वेगळे ठेविले. पती ख्रिस्ती उपदेशक आणि पत्नी सोवळ्यात स्वयंपाक करणारी ब्राह्मणी, असे ते घर होते! मिशनच्या आवारात राहणाऱ्या मंडळींना याचे नवल वाटले असेल, आणि नाशिककडील मंडळींना तर हा शुद्ध अधर्मच वाटला असेल. पण त्या दोघांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती: एकत्र राहावयाचे, आणि एकाने दुसऱ्याच्या श्रद्धेवर बळजोरी करावयाची नाही. टिळकांसारख्या उतावळ्या पुरुषाला हा धीर धरणे किती जड गेले असेल, याचा विचार करावा. जोडाक्षरे शिकविताना ज्याचा धीर सुटत असे, त्याने धर्माच्या बाबतीत मात्र वाट पाहिली.

आणि वाट पाहिल्याचे फळ मिळाले. लक्ष्मीबाई आजूबाजूची माणसे पाहत होत्या. निरनिराळ्या जातींतून आलेली ती माणसे आजाऱ्याची सेवा करीत, मुलांना शिकवीत, एकमेकांच्या पंक्तीस बसत. हे पाहता पाहता त्यांच्या मनात विचार सुरू झाला. देवाने निर्माण केलेले भेद कोणते, आणि माणसाने पाडलेले भेद कोणते? स्त्री व पुरुष हा भेद देवाने केलेला दिसतो. पण हा वरचा व तो खालचा, याचे पाणी चालते व त्याचे चालत नाही, हा भेद त्याने केलेला कोठे दिसतो? हा प्रश्न त्यांना कोणी शिकविला नाही. तो त्यांचा त्यांनाच पडला आणि त्याचे उत्तरही त्यांनीच शोधिले. एके दिवशी त्यांनी ठरविले की यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी आपण घेऊ. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरातील कन्येने हा निश्चय केला, हे येथे स्मरावे.

क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम जातीचा अभिमान सुटला. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यानंतर झाला. १९०० साली, पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या खात्रीने बाप्तिस्मा घेतला. कोणी त्यांना ओढून आणिले नव्हते, म्हणून कोणी त्यांना मागेही ओढू शकले नाही.

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात विवेकबुद्धीचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर यांचे नाव आठवते. जर्मनीतील वर्म्स नगरात १५२१ साली बादशहाच्या सभेपुढे त्यांना आपले लेख मागे घेण्यास सांगण्यात आले. तेव्हा आपला विवेक देवाच्या वचनाला बांधलेला असून त्याविरुद्ध वागणे योग्य नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ते उत्तर जगप्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई ल्यूथरपंथी नव्हत्या. त्यांची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. त्यांच्यापुढे बादशहाही नव्हता. पण पाच वर्षे पतीला नकार देणे आणि पाच वर्षांनंतर आपल्या साऱ्या गोताला नकार देणे, हे दोन्ही एकाच विवेकाच्या बळावर त्यांनी केले. यास धैर्य लागत नाही असे कोण म्हणेल?

भरलेले घर

यानंतरची वर्षे सेवेची व अखंड गडबडीची होती. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात अनाथ झालेली मुले या घरात आली आणि घरचीच होऊन राहिली. तारा नावाची मुलगी तर त्यांची मानलेली कन्याच झाली. प्लेगची साथ आली तेव्हा, लोक आप्तांनाही टाकून पळत असता, छावणीतील आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यास लक्ष्मीबाई पुढे झाल्या. घरात पैसा फार नसे, पण पाहुणा उपाशी गेला असे होत नसे. टिळक ज्याला रस्त्यावरून घरी घेऊन येत, त्याला वाढावयाचे काम लक्ष्मीबाईंचे असे.

या घराच्या आश्रयाला आलेल्यांत खानदेशातून आलेला एक तरुण कवी होता. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. १८९० साली जन्मलेला हा कवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात निवर्तला. टिळकांनी त्याच्या कवितेला उत्तेजन दिले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. आज तुम्ही पाठ्यपुस्तकांत बालकवींच्या निसर्गकविता वाचता, तेव्हा त्यांच्यामागे या घरची भाकरीही आहे हे विसरू नये.

याच काळात टिळक हे 'फुलामुलांचे कवी' म्हणून विख्यात झाले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. त्यांनी रचिलेली भजने व गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गाइली जातात. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगवाणीतून ख्रिस्ताची भक्ती गाता येते, हे त्यांनी दाखवून दिले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते सातारा येथे गेले आणि सर्व पंथांच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

वैधव्य आणि लेखन

लक्ष्मीबाई तेव्हा एकावन्न वर्षांच्या होण्याच्या बेतात होत्या. पतीच्या कीर्तीच्या छायेत राहून उरलेले दिवस कंठावेत, असे कोणासही वाटले असते. परंतु त्यांचे स्वतःचे कार्य येथूनच खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्यांनी नोकरी केली, मुलाबरोबर काही वर्षे दूर कराचीस जाऊन राहिल्या, आणि शेवटी नाशिकला परतल्या.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचे ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र लिहावयास घेतले होते. आरंभीचे थोडे अध्याय त्यांच्या हातून झाले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्याचे लक्ष्मीबाईंनी मनावर घेतले व ग्रंथाचा बहुतेक सारा भाग त्यांनीच रचिला. विद्वान पतीचा ग्रंथ अल्पशिक्षित पत्नीने पुरा करावा, हे वरवर पाहता नवल वाटते. पण ओवी हा छंदच असा आहे की तो पंडितांचा जितका, तितकाच जात्यावर दळण दळणाऱ्या बायकांचाही आहे. ज्ञानेश्वरीची ओवी ग्रंथांतून आली, तर बायकांची ओवी मुखातून मुखात आली. लक्ष्मीबाईंनी लहानपणी जे कानांनी साठविले होते ते येथे कामी आले.

त्यांची खरी कीर्ती मात्र 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने झाली. त्याच्या जन्माची हकीकत बोधप्रद आहे. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते; त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. आई लिहू लागली, आणि त्या आठवणी वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथच उभा राहिला. १९३४ पासून तो भागाभागांनी प्रसिद्ध झाला. अखेरचा भाग पुरा होण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेविला. उरलेले काम देवदत्तांनी पुरे केले. पतीचे अपुरे काम पत्नीने पुरे करावे आणि आईचे मुलाने, असा या घराचा परिपाठच होता. पुढे नातू अशोक यांनीही या ग्रंथाच्या संपादनाकडे लक्ष पुरविले. इंग्रजी वाचकांसाठी १९५० साली त्याचे भाषांतर निघाले, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी त्याचे नवे भाषांतर केले.

या ग्रंथाचे विशेष काय?

'स्मृतिचित्रे'ची भाषा घरात बोलावी तशी आहे. वाक्ये लहान, शब्द साधे, आणि विनोद इतका सहज की वाचकाला तो अश्रूंच्या मागून येऊन गाठतो. पतीविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसविले नाही. त्यांचा विसराळूपणा, त्यांचा संताप, त्यांचे अचानक निघून जाणे, हे सारे त्या सांगतात. आणि सांगत असताना त्यांचे निर्मळ, दानशूर, देवाला वेडावलेले अंतःकरणही आपल्यापुढे उभे करितात. स्वतःच्या अज्ञानावरही त्या तितक्याच मोकळेपणाने हसतात. ज्याला स्वतःवर हसता येते त्याच्या दुसऱ्यावरील हसण्यात विष राहत नाही.

येथे पुन्हा एकदा ल्यूथर यांच्या घराकडे वळू. त्यांची पत्नी काटरीना फॉन बोरा ही पूर्वी मठातील जोगीण होती; १५२५ साली त्यांचा विवाह झाला. तिचेही घर असेच विद्यार्थ्यांनी, पाहुण्यांनी व अनाथ मुलांनी गजबजलेले असे. शेती, गुरेढोरे, स्वयंपाक, आजारीपाजारी हे सारे ती पाही. प्रॉटेस्टंट पाळकाचे घर कसे असावे याचा तो जणू पहिला धडाच होय. पण त्या घराची हकीकत आपल्याला कळते ती जेवताना ल्यूथर जे बोलत ते टिपून घेणाऱ्या शिष्यांकडून. काटरीनेच्या हातची थोडीशी पत्रे तेवढी उरली आहेत. त्या घराविषयी तिला काय वाटत होते, हे तिच्या तोंडून ऐकण्याचे भाग्य जगाला लाभले नाही. नाशिक जिल्ह्याच्या या कन्येच्या बाबतीत मात्र उलट घडले. येथे प्रसिद्ध पती आपल्याला दिसतो तोच मुळी पत्नीच्या डोळ्यांनी. ज्या हातांनी त्या घराच्या भाकऱ्या थापल्या त्याच हातांनी त्या घराचा इतिहास लिहिला. अशी घटना कोणत्याही देशात विरळाच होय.

या जीवनापासून घ्यावयाचा बोध

प्रथम पालकांस विनंती. आपल्या श्रद्धेचा वारसा मुलांनी चालवावा, असे प्रत्येक आईबापास वाटते व ते स्वाभाविक आहे. पण घर व शेत जसे वारसाने मिळते, तशी श्रद्धा मिळत नाही; ती ज्याची त्यालाच मिळवावी लागते. मुलाला प्रश्न पडू लागले म्हणजे ते बिघडले असे समजू नये. टिळकांनी पाच वर्षे वाट पाहिली, त्यामुळे त्यांना केवळ अनुयायी न मिळता खरी सहचारिणी मिळाली. त्याचप्रमाणे, घरातील एखाद्याचे मत आपल्याहून निराळे झाले तर त्याचे ताट मांडणे बंद करू नये. दोन चुली पेटल्या तरी छप्पर एक राहू शकते.

आता विद्यार्थ्यांस. तुमच्यापैकी कित्येकांना शुद्धलेखनात गुण कमी मिळतात आणि त्यामुळे आपल्याला लिहिता येणार नाही असे तुम्ही मानता. शुद्धलेखन शिकावेच, त्यात आळस करू नये. परंतु जे पाहिले ते खरेपणाने सांगणे, ही लेखनाची पहिली अट आहे, आणि ती लक्ष्मीबाईंनी कोणत्याही शाळेत न जाता पाळली. शाळेत जाण्याचे भाग्य तुम्हांस लाभले आहे. ते त्यांस लाभले नव्हते, एवढे लक्षात ठेविले तरी पुष्कळ झाले.

मुलींना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पतीची आज्ञा, वडिलांची आज्ञा, समाजाची आज्ञा, अशा आज्ञांच्या कोंडीत लक्ष्मीबाई वाढल्या. त्यांनी उद्धटपणा केला नाही व माणसे तोडिली नाहीत. परंतु जे मनाला पटले नाही त्याला त्यांनी होकारही दिला नाही. नम्रता आणि ठामपणा ही एकाच घरात नांदू शकतात, हे त्यांच्या चरित्रावरून शिकावे.

शेवटी या पाठाबरोबर एक काम नेमून देत आहोत. आपल्या सिन्नरच्या घराघरांत वृद्ध आजी आहेत. कोणी विड्या वळून मुले शिकविली, कोणी दुष्काळी वर्षांत कोसावरून पाणी आणिले, कोणी परगावाहून येऊन येथे नवा संसार मांडिला. त्यांचे चरित्र कोणी लिहिलेले नाही. या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही घ्यावी, आजीपाशी बसावे आणि पुढील प्रश्न विचारून तिची उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावीत.

१. तुझे माहेरचे नाव काय होते, आणि त्या नावाने तुला शेवटी कोणी हाक मारली?

२. तुझ्या लहानपणी घरात कोणकोणते नियम होते? त्यांपैकी कोणता तू पाळिलास, कोणता सोडिलास, आणि का?

३. ज्या गोष्टीस तू होकार दिला नाहीस, अशी एखादी गोष्ट सांग.

उत्तरे सुधारू नयेत व सजवू नयेत. आजी अडखळली तर घाई करू नये. शाळा उघडल्यावर त्या वह्या वर्गात वाचल्या जातील. ज्या वहीत आजीचा आवाज ऐकू येईल ती उत्तम समजावी.